सामान लादून लांबच्या सफरीला दणकट सायकल : कोणती घेऊ?

पाऊलखूण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. येत्या डिसेंबरात पुणे ते कन्याकुमारी सायकलने जायचं नक्की केलंय. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर आणि मग किनारा धरून खाली खाली. १६००-१७०० किमी होतील असा अंदाज आहे आणि २५ दिवस हाताशी आहेत. मागे गाडी वगैरे नाही, सगळं सामान सायकलवरच. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, कपडे, हत्यारं, दोन दिवसांचा शिधा धरून २२ किलो होतंय, घरच्या काट्यावर दोनदा मोजलं. माझं वजन ८४ किलो, उंची ५ फूट १०, बूट १० नंबरचे (टाच मागच्या बॅगेला लागेल का, म्हणून सांगतोय).

सध्या सहा वर्षं जुनी अॅल्युमिनियमची हायब्रिड आहे. पुढे सस्पेन्शन, ७००सी चाकं, ३२ स्पोक, पुढे ४८-३८-२८ दाते आणि मागे ७ स्पीडचं, १४ ते २८ दात्यांचं फ्रीव्हील. ऑफिसला रोज हीच नेतो, कधी त्रास नाही. पण गेल्या महिन्यात ट्रायल म्हणून १५ किलो मागे बांधून भोरहून वरंध घाटाकडे निघालो, नीरा देवघरच्या पाण्याकडेने चाललो होतो तर मागून टिंग्‌ असा आवाज आला. उतरून बघतो तर उजव्या बाजूचा एक स्पोक हबपाशी (चाकाच्या मधल्या भागापाशी) तुटलेला आणि चाक इतकं आउट की दर फेऱ्याला ब्रेकला घासतंय. मागचा ब्रेक मोकळा करून तसाच निघालो, अर्ध्या पाऊण तासात दुसरा गेला. शेवटी दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून भोरला आलो. दुकानदाराने दोन स्पोक टाकून दिले, म्हणाला होतं असं.

आता प्रश्न. बजेट ६० हजार, ओढूनताणून ८०. समोर तीन पर्याय आहेत. एक, नवी ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यावरही चालणारी, रोड सायकलसारखी), अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, पुढे ५०-३४, मागे ११-३२, चाकाला २८ स्पोक. दुसरा, क्रोमोलीची (पातळ पण मजबूत मिश्र स्टीलची) अस्सल टूरिंग सायकल, इम्पोर्टेड आणि सेकंड हँड, पण मालक लाखाच्या खाली यायला तयार नाही. तिसरा, मित्राची जुनी २६ इंची एमटीबी (माउंटन बाईक), त्याने २००३ साली अमेरिकेहून येताना आणलेली, क्रोमोलीचा स्टिकर आहे, सस्पेन्शन गंजून जाम झालंय, ९ हजारात देतो म्हणतोय. दुकानात सगळे ग्रॅव्हलच घ्या म्हणतात. तुम्ही काय म्हणता?

घाटवेडा

ग्रॅव्हल घ्या आणि सामान कमी करा. २२ किलो फार होतात हो. कोकणात दर दहा-पंधरा किमीवर घरगुती राहायची सोय मिळते, गोव्यापासून खाली तर प्रश्नच नाही. तंबू स्टोव्ह सोडा, दोन जोड कपडे आणि हत्यारं, ८-९ किलोत बसतं सगळं. मी असाच मालवणपर्यंत जाऊन आलोय, अॅल्युमिनियमच्या सायकलवर, काही झालं नाही.

पाऊलखूण

घाटवेडा, तुमचं बरोबर आहे पण मला मधुमेह आहे, इन्सुलिनवर आहे, त्यामुळे खाण्याची वेळ चुकवता येत नाही आणि डिसेंबरात किनाऱ्यावर आयत्या वेळी खोली मिळेल या भरवशावर संध्याकाळी सात वाजता फिरायचं नाहीये. स्टोव्ह आणि तंबू असले की पाच वाजता जिथे असेन तिथल्या देवळात किंवा शाळेच्या पडवीत विचारून थांबता येतं. ते दोन किलो कपड्यांमधून कमी करेन पण तंबू राहणार.

घाटवेडा

ओके, मग कारण पक्कं आहे. तब्येतीच्या बाबतीत तडजोड नको. माझा मुद्दा मागे घेतो.

सड्यावरचा

रत्नागिरी जिल्ह्यात राहतो म्हणून रस्त्याबद्दल आधी बोलतो, कारण सायकल रस्त्यावर ठरते. बाहेरच्यांना वाटतं किनारा म्हणजे सपाट. आमच्याकडे दोन खाड्यांच्या मधे सडा (खडकाळ पठार) असतो, म्हणजे खाडीपर्यंत सरळ खाली उतरायचं, तरीतून (फेरी बोटीतून) किंवा पुलावरून पलीकडे जायचं आणि लगेच समोर शंभर-दीडशे मीटर उभी चढण, वर सड्यावर थोडं सपाट की परत खाली. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तिन्ही तरी तुम्हाला लागतील आणि तिन्हीकडे तरीतून उतरल्यावर अंग गरम व्हायच्या आधी चढ सुरू. केळशी-आंजर्ले पट्टा आणि आरेवारेचा चढ तर सामानासकट अंत बघतात. वरंध किंवा ताम्हिणीसारखा एकच मोठा घाट परवडला, तिथे एक लय लागते. इथे दिवसातून सहा-सात वेळा अगदी खालच्या गिअरवर यावं लागतं. ५०-३४ घेऊन येणाऱ्या पोरांना मी चढावर सायकल ढकलताना कायम बघतो, आणि त्यांच्याकडे सामानही नसतं.

तेरेखोल ओलांडून गोव्यात गेलात की सोपं होत जातं, कारवारच्या खाली पुष्कळ वेळ हायवे ६६ वरच राहाल. म्हणजे सगळ्यात कठीण भाग पहिल्याच आठवड्यात आहे, पाय तयार नसताना.

आउटकाढ्या

धागा उशिरा बघितला. नाशकात चाकं बांधायचं काम करतो, वीस वर्षं झाली, त्यामुळे जरा लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

पाऊलखूण, सगळे तुम्हाला फ्रेमबद्दल आणि ब्रँडबद्दल सांगतील. माझं म्हणणं असं की लादलेल्या सायकलमधे सगळ्यात आधी मागचं चाक बघा, मग खालचा गिअर, मग कॅरियर, आणि फ्रेम त्यानंतर. माझ्याकडे टूरवरून जी सायकल बिघडून येते तिचं दहातल्या आठ वेळा मागचं चाक गेलेलं असतं. फ्रेम तुटलेल्या मी वीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच बघितल्या.

तुमचा स्पोक उजव्या बाजूचाच का तुटला, आणि हबपाशीच का? मागच्या हबवर उजवीकडे गिअरचे दाते बसतात, त्यांना जागा द्यायला उजवी फ्लँज (हबची स्पोक अडकवायची कडा) आत सरकलेली असते. त्यामुळे उजवे स्पोक जवळजवळ उभे आणि डावे तिरके. रिम मधोमध ठेवायची तर उजव्यांना डाव्यांच्या जवळपास दुप्पट ताण द्यावा लागतो. आता चाक फिरताना जो स्पोक खाली जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर उतरतो आणि परत चढतो. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.१९ मीटर, म्हणजे किमीला ४५६ फेरे, १६०० किमीला सव्वासात लाखांच्या वर. इतक्या वेळा तो स्पोक वाकाच्या जागी (हबपाशी जिथे तो वळतो) ताणला-सोडला जाणार. तार वाकवून वाकवून तोडतो ना आपण, तसंच. मशीनवर बांधलेल्या स्वस्त चाकात काही स्पोक कडक आणि काही ढिले असतात, त्यातले ढिले आधी जातात, कारण त्यांचा ताण दर फेऱ्याला पार शून्यावर येतो. आणि वर ८४ अधिक १५ किलो.

म्हणून दुकानदाराने दोन नवे टाकून दिले हे काही खरं काम नाही झालं. बाकीच्या उजव्या १४ स्पोकनीही तेवढेच फेरे खाल्लेत. दोन गेले म्हणजे पुढचे रांगेत आहेत. सगळे उजवे एकदम बदलायला हवे होते.

दुसरं, तुमचं ७ स्पीडचं फ्रीव्हील आहे, म्हणजे हबवर आटे पाडून फिरवून बसवलेलं. त्यात उजवीकडचे छर्रे हबच्या आत राहतात आणि त्यांच्या बाहेर एक्सलचा बराच तुकडा आधाराशिवाय लोंबतो. वजन पडलं की एक्सल वाकतो, नंतर मोडतो. कॅसेटवाल्या (दात्यांचा गठ्ठा हबवर सरकवून बसवायच्या) फ्रीहबमधे छर्रे पार टोकाला असतात म्हणून तो वाकत नाही. सायकल कुठलीही घ्या, मागे फ्रीहब असला पाहिजे, याला दुसरा पर्याय नाही.

आता चाक कसं हवं ते. ३६ स्पोक, दुहेरी भिंतीची रिम, आणि स्पोक मधे बारीक टोकांना जाड, २.०-१.८-२.० वाले. लोक म्हणतात बारीक स्पोक कशाला, जाडच घ्या, तर उलटं आहे, मधला बारीक भाग थोडा ताणला जातो आणि वाकाच्या जागेवरचा मार कमी करतो. हाताने बांधून घ्या, बांधणाऱ्याला समोर बसून सांगा की १२० किलोचं चाक पाहिजे. आणि १००-१५० किमी चालवून परत त्याच्याकडे न्या, सगळे स्पोक बसलेले असतात, परत एकसारखा ताण द्यावा लागतो. हे दुसऱ्यांदा नेणं कुणी करत नाही आणि मग चाकाला शिव्या देतात.

दुकानात चाक तपासायचं असेल तर अगदी सोपं आहे. एका बाजूचे स्पोक एकेक करून नखाने टिचकी मारत जा, सतारीच्या तारेसारखा सूर येतो. एका बाजूचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत, मधेच एखादा भद्‌ वाजला की ते चाक लादायचं नाही. तुमच्या ग्रॅव्हलचे २८ स्पोक एकट्या माणसाला पुरतील, २२ किलो मागे बांधून मी तरी देणार नाही.

फिरस्ती

आउटकाढ्या दादा, हा प्रतिसाद वाचनखुणेत टाकला. मी नर्मदा परिक्रमा सायकलने केलीये, २६ इंची चाकांच्या सायकलवर, तेव्हा चाकाच्या मापाबद्दल माझा अनुभव सांगते.

आमच्या गटातल्या एका काकांचा ७००सीचा टायर अमरकंटक ते दिंडोरीच्या मधे बाजूने फाटला. गावात सायकलचं दुकान होतं, दुकानदार छातीठोकपणे म्हणाला २८ इंची आहे ना, हा घ्या २८. बसवायला गेलो तर टायर रिमवर सैल, हवा भरली की ट्यूब बाजूने बाहेर येते. दोन तास गेले त्यात. नंतर कळलं की आपल्या काळ्या दूधवाल्या सायकलचा २८ × १½ म्हणजे ६३५ मिमी आणि ७००सी म्हणजे ६२२, तेरा मिमीचा फरक. नाव दोन्हीला २८ च. शेवटी टायर आतून दुधाच्या पिशवीचे तुकडे आणि जुन्या ट्यूबची पट्टी लावून शिवला आणि काकांनी तसाच जबलपूरपर्यंत नेला.

२६ मधेही हाच घोळ आहे. एमटीबीचा २६ म्हणजे ५५९, आणि साध्या लेडीज सायकलचा २६ × १⅜ म्हणजे ५९०. पण ५५९ वाला टायर, २.१२५ रुंदीचा, तालुक्याच्या गावात हमखास मिळतो कारण पोरांच्या रेंजर टाइप सायकली सगळ्या त्याच मापावर होत्या. चांगला नसतो, पण पुढच्या शहरापर्यंत पोचवतो. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ४७-५५९, ३७-६२२ असं कोरलेलं असतं, दुकानात इंच बोलूच नका, तो दुसरा आकडा दाखवा.

व्हॉल्व्हचंही बघा. बारीक प्रेस्टा असेल तर रिमचं भोक साडेसहा मिमीचं असतं, गावातली ट्यूब त्यात शिरतच नाही. मोटरसायकलचा असतो तसा जाड व्हॉल्व्ह असेल तर भोक साडेआठचं, त्यात गावची व्हॉलट्यूबवाली ट्यूबही बसते आणि पेट्रोल पंपावर हवाही मारता येते. रिम बांधून घेणार असाल तर मोठं भोक सांगा, प्रेस्टा ट्यूब त्यात वायसर घालून चालवता येते, उलटं मात्र होत नाही.

राईनकाठ

डसेलडॉर्फहून लिहितोय. इकडे आम्ही दर उन्हाळ्यात पोरांचं सामान धरून राईन नाहीतर डॅन्यूबच्या कडेने जातो, तेव्हा थोडं.

स्टील की अॅल्युमिनियम यावर इकडेही भांडणं होतात, पण इथल्या ट्रेकिंग सायकली बहुतेक अॅल्युमिनियमच्याच असतात आणि लोक २५ किलो लादून वर्षानुवर्षं फिरवतात. तेव्हा अॅल्युमिनियम म्हणून बाद करू नका. फ्रेममधे बघायचं ते हे: मागच्या एक्सलपाशी आणि सीटखाली कॅरियरचे आटे आहेत का, चिमट्यावर (पुढच्या फोर्कवर) बाजूचे आटे आहेत का, आणि पायडलच्या मधल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंत लांबी किती. टूरिंग सायकलला ही लांबी ४५० मिमी किंवा जास्त असते, एमटीबीला ४२५-४३० च्या आसपास. कमी असली की दर पायडलला टाच बॅगेला लागते आणि १० नंबरच्या बुटाला तर लागणारच. दुकानात जाताना बॅगा आणि तेच बूट घेऊन जा.

आणि कृपया २२ किलो सगळं मागे लावू नका. पुढचं चाक हलकं होतं, चढावर हँडल भरकटतं आणि उतारावर ३५-४० च्या वेगाला अख्खी सायकल थरथरायला लागते. मी एकदा अनुभवलंय, मागच्या कॅरियरवर मुलाची बॅग वरती रचली होती, हँडल दोन्ही हातांनी धरूनही थांबेना, गुडघे आडव्या दांडीला दाबले तेव्हा थांबलं. १३ मागे ९ पुढे असं करा, पुढचं अगदी खाली, एक्सलच्या उंचीला. जड वस्तू तळाशी. यासाठी चिमटा स्टीलचा आणि आटेवाला पाहिजे, तुमच्या ग्रॅव्हलच्या कार्बन फोर्कवर आटे नसतील तर तिथेच विषय संपला.

गिअर हबमधे असलेल्या सायकली पण असतात, रोलॉफचा १४ गिअरचा हब इकडे टूरवाले फार वाखाणतात, १९९८ पासून चाललाय. पण त्या एका हबच्या किमतीत तुमची अख्खी सफर होईल आणि केरळात कुणाला उघडता येणार नाही. ८ किंवा ९ स्पीडची साधी चेन बरी.

बँकवाला_सांगली

स्टीलच घ्या हो, कुठेही वेल्डिंग करून मिळतं. माझे आजोबा हर्क्युलिसवर दोन गोणी ज्वारी आणायचे मिरजेच्या बाजारातून.

आउटकाढ्या

आजोबांची सायकल जाड नळीच्या साध्या स्टीलची, तिला गावचा वेल्डर सहज जोडतो हे खरं आहे. क्रोमोलीची नळी मधे पाऊण-एक मिमी असते. आर्क वेल्डिंगवाल्याने रॉड टेकवला की भोक पडतं. पितळेचं गॅस वेल्डिंग करणारा शोधावा लागतो, तालुक्याच्या ठिकाणी ट्रॅक्टरच्या रेडिएटरची कामं करणाऱ्याकडे विचारा. आणि कॅरियर स्टीलचं घ्या, तेच जास्त मोडतं आणि तेच कुठेही जोडून मिळतं.

सड्यावरचा

गिअरबद्दल परत विचारतो, पाऊलखूण तुमच्या तिन्हीचा हिशोब केलात का?

पाऊलखूण

काल रात्री बसून केला, पुढचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचा व्यास इंचात. ग्रॅव्हल, ३४ भागिले ३२ गुणिले २७.५ म्हणजे २९. माझी हायब्रिड २७.५. मित्राची एमटीबी, पुढे २२ मागे ३४, २६ इंची चाक, म्हणजे १६.८.

मग म्हटलं याचा अर्थ पायांना काय? मी अधिक सामान अधिक १६ किलोची सायकल म्हणजे १२२ किलो. १० टक्के चढावर मिनिटाला ६० पायडल मारायचे धरले तर ग्रॅव्हलवर ताशी ८.४ चा वेग पडतो आणि त्यासाठी साधारण २८० वॅट लागतात, एमटीबीवर ताशी ४.८ आणि १६० वॅट. मी जिममधल्या सायकलवर तासभर १५० काढू शकतो, २८० पाच मिनिटंही नाही. म्हणजे ग्रॅव्हलवर माझे पायडल मिनिटाला तीस-बत्तीसवर येणार आणि गुडघे जाणार. हे कागदावर बघितल्यावर डोळे उघडले, दुकानात तीन जणांशी बोललो, कुणीही हे आकडे काढले नव्हते.

घाटवेडा

हे जबरदस्त केलंत. ताशी ४.८ म्हणजे चालण्याचा वेग, पण बसून जाणार तुम्ही. सामान असताना ढकलणं हे चालवण्यापेक्षा जास्त दमवतं, पॅनियर (कॅरियरच्या बाजूची बॅग) पोटरीला लागत राहते.

फिरस्ती

मग एमटीबीच घ्या दादा. फक्त फ्रेम नीट तपासा. सीट पोस्ट हलतो का, म्हणजे गंजून आत चिकटला नाहीये ना. पायडलच्या खालच्या नळीत पाणी साचून आतून गंज धरतो, तिथे टॉर्च मारून बघा. डोक्याच्या नळीपाशी, जिथे दोन दांड्या मिळतात, तिथे रंगाला केसासारखी चीर आहे का ते कापडाने पुसून बघा. कापडाचा धागा चिरेत अडकतो.

आउटकाढ्या

फिरस्तीताईंना अनुमोदन. त्यात माझी एक भर, सस्पेन्शन काढून साधा चिमटा टाकणार असाल तर लांबी मोजून घ्या, एक्सलपासून वरच्या मुकुटापर्यंत (जिथे चिमट्याचे दोन पाय मिळतात). जुना ८० मिमी हलणारा असेल तर त्यावर बसल्यावर तो थोडा दबतो, तेवढं वजा करून त्याच लांबीचा साधा चिमटा शोधा. आखूड टाकला तर सायकल पुढे झुकते, हँडल फार चपळ होतं आणि पायडल वळणावर जमिनीला टेकतात. व्ही ब्रेक असतील तर राहू द्या, रबर नवे टाका, आंबोलीसारख्या लांब उतारावर ब्रेक धरून ठेवायचे नाहीत, पुढचा-मागचा आलटून पालटून मारायचा, रिम तापू द्यायची नाही.

राईनकाठ

आणि कॅरियरचे बोल्ट! बहुतेक एम५ असतात. निळं लॉक करायचं द्रव्य लावून घट्ट करा, रोज सकाळी निघताना अॅलन की फिरवून बघा, चार बोल्ट जास्तीचे ठेवा. कॅरियर मोडतं ते बहुतेक वेळा एक बोल्ट पडून दुसऱ्यावर भार आल्यामुळे.

पाऊलखूण

मंडळी, महिन्याभराने परत येतोय. एमटीबी घेतली.

फ्रेम उघडून बघितली, पायडलच्या नळीत वरवरचा गंज होता, घासून आतून ग्रीसचा हात मारला. मागचे टोक १३५ मिमीचे आहेत म्हणून नवा फ्रीहब सरळ बसला. क्रोमोलीचा साधा चिमटा, दोन्ही बाजूंना आटेवाला, ऑनलाइन मागवला. मागचं चाक ३६ स्पोक, दुहेरी रिम, जाड व्हॉल्व्हचं भोक, पुण्यातच एका जुन्या कारागिराकडून समोर बसून बांधून घेतलं. कॅसेट ११-३४, ८ स्पीड. चेन, केबल, ब्रेक रबर सगळं नवं. स्टीलचे कॅरियर पुढे-मागे, चार पॅनियर, टायर जाड पट्टीचे ५०-५५९. सायकल धरून सगळं मिळून ५२ हजार झाले, बजेटच्या आत. यात पॅनियरचेच १६ हजार आहेत.

मग पूर्ण २२ किलो लादून दोन दिवस ताम्हिणी उतरून माणगाव आणि दुसऱ्या दिवशी परत वर. येतानाचा चढ निम्मा २२-३४ वर, निम्मा त्याच्या एक वर. दोनदा थांबलो, साखर मोजली, शेंगदाण्याची चिक्की खाल्ली, एकदाही ढकलावी लागली नाही. उतारावर ताशी ४२ झाले तरी हँडल शांत. टाच लागत होती पण, राईनकाठ यांनी सांगितलं तसंच, उजव्या पॅनियरला. हूक सोडवून बॅग दोन सेंमी मागे सरकवली आणि थोडी तिरकी लावली तेव्हा सुटली.

परत आल्यावर चाक कारागिराकडे नेलं. त्याने सूर ऐकला, उजवीकडचे पाच स्पोक पाव-पाव फेरा आवळले, आउट म्हणाल तर अर्धा मिमीही नव्हतं. त्याने उजवे तीन आणि डावे दोन असे जास्तीचे स्पोक कापून दिले, ते मी मागच्या दांडीला टेपने बांधून ठेवलेत. कॅसेट सोडवायचं हत्यार आणि छोटी साखळी पण घेतलीये, आणि घरी दोनदा स्वतः कॅसेट काढून, स्पोक बदलून बघितला. पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्यांदा वीस.

५ डिसेंबरला पहाटे निघतोय. आउटकाढ्या, तुमचे विशेष आभार, भोरहून टेम्पोत येताना हा बेत रद्दच करायच्या विचारात होतो.

आउटकाढ्या

छान केलंत. गोव्यात पोचलात की एकदा टिचकी मारून सूर बघा. ढिला वाटला तर निपल (स्पोकचा रिमकडचा नट) पाव फेरा, त्याहून जास्त नको. चेन खेचली गेली का ते मापाने बघा, पाऊण टक्क्याच्या आधी बदला, नाहीतर कॅसेट खाते.

फिरस्ती

शुभेच्छा दादा! इन्सुलिन कसं नेताय? थंड राहायला हवं ना?

पाऊलखूण

ताई, मातीच्या माठासारखं पाण्यात भिजवून वापरायचं पाकीट मिळतं, पाणी उडून गारवा राहतो. हँडलच्या पिशवीत, उन्हाच्या उलट्या बाजूला. अर्धा साठा वेगळा, मागच्या पॅनियरमधे कपड्यांच्या घडीत, एक बॅग पडली-हरवली तरी दुसरीत असावं म्हणून.

सड्यावरचा

दाभोळला तरीवर चढलात की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. धोपाव्याचा चढ संपतो तिथे वर एक वडाचं झाड आहे, मी तिथे नाचणीची भाकरी आणि ताक घेऊन थांबतो. तुमची जेवायची वेळ किती ते तेवढं आधी सांगून ठेवा.